बोल गेले, गाणं राहिलं

खरं सांगायचं तर मला हैदराबादला यायचंच नव्हतं. माझे यजमान पाळक आहेत. ते देगलूरकडचे, घरात मराठी आणि अंगणात तेलुगू, अशा दोन भाषांत वाढलेले. त्यामुळे आमच्या नगरच्या ख्रिस्ती मंडळीने हैदराबादेत सेवेसाठी एक कुटुंब पाठवायचं ठरवलं तेव्हा त्यांचंच नाव पुढे येणार हे उघड होतं. निरोपाच्या उपासनेत सगळे उभे राहून गात होते, आमच्या गळ्यात हार होते, आणि मी मनात म्हणत होते, "प्रभू, हे बोलावणं दुसऱ्या कुणाला तरी येऊ दे." लहानपणी रविवारच्या शाळेत शिकवलं होतं की मिशनरी म्हणजे समुद्र ओलांडून परदेशी जाणारी माणसं. आम्ही तर फक्त एका रात्रीचा प्रवास करून आलो. पण भाषा कळत नसली की एका रात्रीवरचं गावही परदेशच असतं.

तारनाक्याला आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. आमची मुलगी करुणा तिथल्या शाळेत जाऊ लागली आणि वर्षभरात मैत्रिणींशी भांडण्याइतकं तेलुगू शिकली. मराठी वाचताना मात्र ती जोडाक्षरांपाशी अडखळायला लागली. आमची उपासना राजम्मांच्या घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली होई. राजम्मा या पूर्वी रेल्वेच्या दवाखान्यात आया होत्या. नवरा गेला, मुलं दूर गेली, आणि त्यांनी आपली गच्ची प्रभूच्या कामाला दिली. पंचवीस-तीस माणसं येत. हे तेलुगूत उपदेश करत आणि मी पहिल्या सतरंजीवर बसून हसतमुख राहत असे. तेवढंच माझं काम. पाळकाची बायको म्हणून मला सगळे 'अम्मगारू' म्हणत, आणि अम्मगारूंना 'या, बसा' एवढंही म्हणता येत नव्हतं. कारण 'या' साठी तेलुगूत जो शब्द आहे, तो आपल्याकडे शिवी म्हणून ऐकू येतो. तो माझ्या तोंडून निघेचना.

रोज सकाळी आम्ही तिघं प्रार्थनेला बसत असू. हे मोठ्याने प्रार्थना करत की, प्रभू, या शहरात आमची मुळं रुजू देत. मी मनातल्या मनात मागत असे की, प्रभू, आम्हाला लवकर नगरला ने. एकाच सतरंजीवर गुडघे टेकून आम्ही नवरा-बायको देवाला दोन उलट दिशांना ओढत होतो. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

तिसऱ्या वर्षी, ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका शुक्रवारी सकाळी, हे चहा पीत असताना कप हातातून सुटला. मी फडकं घेऊन धावले आणि म्हटलं, "अहो, भाजलं का?" ते काहीतरी बोलले, पण ती मराठी नव्हती, तेलुगूही नव्हती. नुसतेच आवाज होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. करुणाने खाली धावत जाऊन घरमालकांना बोलावलं, त्यांनी रिक्षा आणली, आणि अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद झाली होती. वेळेवर आणलं म्हणून जीव वाचला, असं डॉक्टर म्हणाले. पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली.

तीही पूर्ण गेली असं नाही. दोन शब्द मागे राहिले होते. "हो ना." पाणी हवंय का? "हो ना." दुखतंय का? "हो ना." दुखत नाही ना? "हो ना." त्यांना सगळं कळत होतं, डोळ्यांत ते दिसत होतं, पण मनातला शब्द जिभेपर्यंत पोचेपर्यंत त्याचं 'हो ना' होऊन जाई. ज्या माणसाने वीस वर्षं व्यासपीठावरून शब्द दिले, त्याच्याकडे देवाने दोनच ठेवले होते. मी देवावर रागावले. पाळकाच्या बायकोने असं लिहू नये, पण रागावले होते हे खरं आहे.

पंधरा दिवसांनी नगरहून फोन आला. आमच्या मंडळीचे ज्येष्ठ पंच, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते फार मायेने बोलले. "पाळकीणबाई, आता परत या. चर्चच्या आवारातलं घर रिकामं आहे. तुम्ही दोघांनी पुष्कळ केलंत. तिथे आपण दुसरा माणूस पाठवू, नाहीतर ते काम बंद करू." तीन वर्षं मी जे मागत होते ते असं समोर येऊन उभं राहिलं. करुणाची परीक्षा झाली की निघतो, असं मी त्यांना सांगितलं. फोन ठेवल्यावर यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "आपण नगरला जातोय बरं का." ते म्हणाले, "हो ना," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

राजम्मांना सांगणं भाग होतं. आम्हा दोघींची बोलायची भाषा म्हणजे मोडकी हिंदी. मी म्हटलं, "हम लोग जा रहे हैं. अब उपदेश कौन करेगा?" त्यांनी थोडा विचार केला. मग म्हणाल्या, "जाओ अम्मगारू. उपदेश नै तो नै. हम बैठते." मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या असतील. पण करुणा त्या रविवारी गच्चीवर जाऊन आली आणि म्हणाली, "आई, सगळे आले होते गं. कुणी काहीच बोललं नाही. तासभर बसले, शेवटी आमेन म्हणाले आणि गेले." पुढच्या रविवारीही तसंच झालं. शब्द नाही, गाणं नाही, पाळक नाही, तरी ती माणसं घरची कामं टाकून, इस्त्रीचे कपडे घालून, जिना चढून येत होती आणि देवासमोर गप्प बसत होती. माझ्या रागाला पहिला तडा गेला तो तिथे.

हातापायाच्या व्यायामासाठी मी यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात नेत असे. एका दुपारी आम्ही बाकावर नंबरची वाट बघत बसलो होतो. शेजारी बुरख्यातल्या एक वयस्कर बाई होत्या, गुडघे धरून बसलेल्या. त्यांनी यांच्याकडे पाहिलं आणि मला विचारलं, "भाईसाब को फालिज हुआ क्या?"

फालिज म्हणजे अर्धांगवायू, एवढं मला कळलं. "हो... हां," मी म्हटलं. "बात नहीं कर सकते."

"हमारे साब का बी ऐसाइच था," त्या म्हणाल्या. "दो साल एक लफ्ज नै निकला. पन नात पढने बैठे तो पूरे पूरे लफ्जाँ निकलते थे. पैगंबर साब की तारीफ गाते ना हम लोगाँ, वो. तुम लोगाँ कौन हैं अम्मा?"

मी सांगितलं की आम्ही ख्रिस्ती आहोत, हे पाळक आहेत.

"तो फिर गाते हुइंगे ना इबादत में!" त्या एकदम सरसावून बसल्या. "बोलो बोलो नक्को करो उनको. गवाओ. बोलना अलग जगा रैता, गाना अलग जगा रैता. अल्ला दोनों दरवाजे एक साथ बंद नै करता."

मी त्यांना आणखी काही विचारणार तोच त्यांचा नंबर पुकारला गेला. त्या भिंतीला धरून उठल्या. जाता जाता यांच्या खांद्याला हलकेच हात लावून म्हणाल्या, "गाओ भाई." मी त्यांचं नाव विचारलं नाही. त्या अफझलगंजकडून येतात एवढं तिथल्या परिचारिकेकडून नंतर कळलं. पुढे कितीतरी दिवस मी त्या बाकाकडे बघत असे, पण त्या पुन्हा दिसल्या नाहीत.

घरी आल्यावर यांना जेवू घातलं, उशीला टेकवून बसवलं आणि मी समोर बसले. काय गावं सुचेना. मग आमच्याकडे गावोगावच्या सभांतून टाळ-खंजिरीवर म्हणतात तसलं एक साधं भजन सुरू केलं. माझा गळा बरा नाही. पहिलं कडवं मी एकटीच म्हणाले. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. धृपद दुसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांचे ओठ हलले. तिसऱ्यांदा आवाज आला. आणि पुढचं कडवं, जे मला स्वतःला नीट आठवत नव्हतं, ते त्यांनी अख्खं म्हटलं. प्रत्येक शब्द जागच्या जागी. मी मध्येच थांबले, ते थांबले नाहीत. करुणा शाळेतून आली ती दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात खिळून राहिली. भजन संपलं तेव्हा आम्ही तिघंही रडत होतो. मी विचारलं, "अहो, तुम्ही आत्ता काय केलंत कळलं का?" ते म्हणाले, "हो ना." आणि स्वतःच हसले.

डॉक्टरांना सांगितलं तेव्हा त्यांना फारसं आश्चर्य वाटलं नाही. असं होतं, म्हणाले. गाण्याची वाट मेंदूत वेगळी असते, आता गाण्याच्या चालीवर बोलायचा सराव करू. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. ते शिकलेले आहेत, खरंच सांगत असतील. मला इतकंच ठाऊक आहे की ते ज्ञान त्या दिवशी, त्या बाकावर, माझ्यासाठी कुणीतरी आणून ठेवलं होतं.

डॉक्टरांकडून आल्यावर त्या संध्याकाळी मी यांना पुन्हा विचारलं, "आपण नगरला जायचं ना?" तोंडाने ते म्हणाले, "हो ना." पण डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि मान हलवली. नाही. पुन्हा हलवली. नाही. इतके दिवस मी त्यांचे दोन शब्दच ऐकत होते, त्यांच्या मानेकडे बघितलंच नव्हतं.

मग मी कंबर कसली. करुणाला म्हटलं, "मला तेलुगूतलं पवित्र शास्त्र देवनागरीत लिहून दे." तिने वहीच्या पानभर ओळी लिहून दिल्या. रोज सकाळची भाकरी-भाजी उरकली की मी त्या ओळी घोकत असे. करुणा चुका काढी. "आई, तुझा 'ळ' मस्त आहे, तो तेलुगूतपण आहे. पण ऱ्हस्व-दीर्घ सांभाळ, नाहीतर अर्थ बदलतो." रविवारी घरमालक आणि मंडळीतले दोघेजण यांना खुर्चीत बसवून गच्चीवर घेऊन गेले. मी उभी राहिले. वहीतून वाचलं, आणि मग वही मिटून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना केली की, प्रभू, आमच्या पापांची क्षमा कर. लोकांत जरा चुळबुळ झाली. करुणाने तोंडावर ओढणी धरली. एक काना मी गिळला होता, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ झाला, "आमच्या पोरींची क्षमा कर."

मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण राजम्मा उठून माझ्याजवळ आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पर्वालेदु अम्मगारू. देवुडिकि तेलुसु." असू दे, देवाला कळतं. आणि लगेच मोडक्या हिंदीत, "हमारी पोरियों को बी माफी होना ना!" सगळी गच्ची हसली. तो हशा ओसरायच्या आत मागून आवाज आला. यांनी खुर्चीतून एक तेलुगू गीत धरलं होतं. शब्द स्पष्ट होते. कित्येक रविवार गप्प बसलेली ती माणसं आधी दचकली, आणि मग पत्रा दणाणेल अशी गायला लागली.

सोमवारी मी अण्णांना फोन केला. "अण्णा, आम्ही येत नाही."

ते म्हणाले, "बाई, नीट विचार केलात? तिथे उपदेश कोण करणार?"

"मी वाचीन, हे गातील."

"आणि तेलुगू?"

"शिकते आहे."

"आजारी माणूस, वयात येणारी मुलगी, परका मुलूख... एकट्या कशा निभावाल?"

"एकटी नाही अण्णा," मी म्हटलं. "इथे माणसं आहेत."

तीन वर्षांपूर्वी मी यांच्या मागून या शहरात आले होते. माझ्या पायांनी मी आले ती त्या सोमवारी.

आता दीड वर्ष होत आलं. हे पूर्ण बरे झालेले नाहीत, आणि तसं मी कुणाला सांगतही नाही. छोटी छोटी वाक्यं चालीवर म्हणतात; भूक लागली तर गाऊन सांगतात, मग करुणाही गाऊनच उत्तर देते. उजवा हात अजून उचलता येत नाही. काही दिवस फार वाईट जातात. शब्द सापडला नाही की ते चिडून ताट ढकलतात, मग मीही चिडते, आणि मग आम्ही दोघं एकमेकांची माफी मागतो. माझं तेलुगू अजूनही राजम्मांना हसवतं. पण मंडळीतल्या एका बाईचं बाळ आजारी होतं तेव्हा तिने थेट मलाच बोलावलं, आणि मी तिच्या भाषेत तिच्यासोबत प्रार्थना केली. तिला ते समजलं. तेवढं मला पुरे आहे.

समर्पण म्हणजे हात जोडून जे होईल ते होऊ देणं, असं मी पूर्वी समजत असे. आता मला तसं वाटत नाही. माझ्या हाती जे उरलं आहे, मग ते कितीही थोडं असो, ते पुरतंय की नाही याचा हिशोब न करता उचलून देवापुढे ठेवणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवणं, एवढंच मला कळलं आहे. कधी ते मोडक्या भाषेतलं वाचन असतं, कधी तासभर गप्प बसणं. ज्याच्यासाठी ठेवते, तो ते घेतो याचा अनुभव मी घेतला आहे. त्याचे उपकार मानते, आणि उद्याच्या वाचनाला बसते.