भरून ठेवलेलं पाणी

जर्मनीतल्या आमच्या घरात आम्ही पहिल्यांदा शिरलो तेव्हा बॅगा दारातच राहिल्या आणि माझे मिस्टर सरळ स्वयंपाकघरात गेले. त्यांनी नळ सोडून बघितला. पाणी आलं. मग घरात होती नव्हती ती सगळी भांडी त्यांनी ओट्यावर मांडली आणि भरायला लागले. दोन पातेली, एक किटली, आमच्या बॅगेतून काढलेला कुकर, प्रवासातल्या रिकाम्या बाटल्या. तीन वर्षांची लेक अंगातला कोट न काढता त्यांच्या मागे उभी राहिली आणि एक कप पुढे करून म्हणाली, "बाबा, हे बी."

"अहो, इथं चोवीस तास पाणी असतंय," मी म्हणाले.

"असू दे की. भरून ठेवलं तर काय बिघडतंय?"

माझ्या कडेवर धाकटा होता, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. मला हसू आलं. माझं माहेर देगलूरकडचं, आणि शिकायला मी विष्णुपुरीला होते. हॉस्टेलपासून थोडं चाललं की धरणाचं पाणी दिसायचं. पाण्याची फिकीर मी कधी केली नव्हती. मिस्टर लातूरचे. त्यांच्या गल्लीत नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी यायचं आणि उन्हाळ्यात टँकर. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा न्हाणीघरातली निळी टिपाडं, जिन्याखालच्या घागरी, पलंगाखालचे कॅन बघून मला वाटलं होतं की घरात काही कार्यक्रम आहे. माझी लेक त्याच घरात रांगायला शिकली. टिपाडाला धरून उभी राहिली.

आम्ही इथे आलो ते माझ्या शिक्षणासाठी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढचं शिकायला परदेशात प्रवेश मिळाला, तेव्हा मिस्टरांनी शिकवणीतली नोकरी सोडली आणि लेकरं सांभाळायला माझ्यासोबत आले. गल्लीत लोक काय बोलत असतील ते मला सासूबाईंच्या आवाजावरूनच कळायचं. "बाईच्या मागं बाप्या गेला म्हनतेत. म्हनू दे," असं त्या स्वतःच सांगायच्या आणि वर स्वतःच समजूत घालायच्या.

आमचा हिशोब असा होता की लेक बालवाडीत जाईल, धाकट्याला आम्ही आळीपाळीने बघू, म्हणजे माझा अभ्यास होईल आणि त्यांना अर्धवेळ काम धरता येईल. लेक रमली नाही तर तिला लातूरला आजीकडे पाठवायचं, हेही बोलून झालं होतं. माझ्यासमोर ते एकदाच बोललं गेलं. नंतर कुणी विषय काढला नाही, पण मला ते रोज ऐकू यायचं. वाचनालयात बसले की एकच पान पुन्हा पुन्हा वाचायचे. पाय हलत राहायचा. शेजारची मुलगी त्या पायाकडे बघायची, मग मी तो दाबून धरायचे आणि दुसरा हलायला लागायचा.

इथल्या बालवाडीत मूल एकदम सोडून येत नाहीत. आधी काही दिवस आईने किंवा बापाने तिथेच बसायचं, मग हळूहळू बाहेरच्या खोलीत, मग घरी. मी कोपऱ्यातल्या बुटक्या खुर्चीवर बसायचे. भाषेचं मला वाटलं होतं तसं काही झालं नाही. लेक मराठीत बोलायची, पोरं जर्मनमध्ये, आणि ठोकळ्यांचं घर उभं राहायचं. अडलं ते पाण्यापाशी.

खोलीत एका ठेंगण्या टेबलावर पाण्याची मोठी परात असे. तीत प्लास्टिकचे मग, नरसाळी, डबे. पोरं बाह्या वर करून ते पाणी उडवायची, जमिनीवर ओतायची, आणि बाई नुसत्या फडकं घेऊन उभ्या. पहिल्या दिवशी हे बघून माझी लेक ओरडली, "सांडू नको! ए, सांडू नको रे!" मग तिने हाताला लागतील ती भांडी भरली, भिंतीला ओळीने लावली आणि त्यांच्यापुढे हात पसरून उभी राहिली. एका सोनेरी केसांच्या पोराने त्यातला मग उचलून स्वतःच्या डोक्यावर ओतला. तिने त्याला ढकललं. तो रडला, तीही रडली, आणि मी कुणाला आधी उचलावं हे न कळून मधेच उभी राहिले.

हे रोजचंच झालं. कुणी हात धुवायला गेलं की ही मागून जाऊन नळ बंद करायची, साबण हाताला तसाच असला तरी.

"तिला पाण्याची भीती वाटते का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

"भीती नाही," मी म्हणाले. मग सांगायचा प्रयत्न केला, की तिच्या आजीच्या गावी नळाला रोज पाणी येत नाही.

"मग मधल्या दिवसांत?"

"भरून ठेवतात."

बाईंनी मान हलवली. माणूस चांगलं होतं. पण म्हणाल्या की या आठवड्यात बघू, नाहीतर सध्या थांबू, सुट्टीनंतर पुन्हा प्रयत्न करू. सुट्टीनंतर म्हणजे माझं सत्र बुडालेलं असणार होतं.

त्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. "रडायलीय का पोरगी?"

"थोडं थोडं. रमेल, आई."

"कशाला लेकराला तरास? धाडून दे हिकडं. अंगणवाडीच्या बाईला मी सांगून ठिवलंय. दारासमोरच हाय. मी नेते, मी आणते."

"बघू," मी म्हणाले. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन सगळी भांडी सिंकमध्ये उलटी करायला लागले. लेकीला जवळ ओढून म्हणाले, "बघ, सगळं सांडलं. आता बघ." नळ सोडला. "आलं ना परत?"

ती नळाकडे बघत राहिली. "आत्ता आलंय," ती म्हणाली. "मंग?"

मी नळ बंद केला. मिस्टर धाकट्याला खांद्यावर थोपटत दारात उभे होते. "तुला काय कळणार," ते म्हणाले. "तू धरणाकडची."

"मी धरणाकडची आहे म्हणून पोरगी रडते का? तुम्ही रोज भरता ते बघूनच ती शिकली ना?"

"बरं, न्हाई भरत."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुकर भरलेला होता.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी बाईंनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, जिथे पोरांचे कोट टांगलेले असतात. मी पुस्तक उघडलं, मिटलं. फोन बघितला. उठून कोट सरळ केले, जे सरळच होते. आतून लेकीचा आवाज आला, मोठा. मी काचेच्या दाराशी गेले.

ती एका स्टुलावर चढली होती. परात समोर, एका हातात मग, दुसरा हात कमरेवर.

"लाईन! लाईन लावा! ढकलू नका गं, सगळ्याला भेटतंय!"

समोर पोरं एकामागे एक उभी होती, प्रत्येकाच्या हातात काहीतरी. डबा, नरसाळं, एकाकडे तर खेळण्यातला बूट. सोनेरी केसांचा पोरगा मधे घुसायला बघत होता. "तू मागं!" ती म्हणाली आणि मगाने दिशा दाखवली. तो मागे गेला.

ते लातूरच्या गल्लीतलं होतं सगळं, टँकर आल्यावरचं. आणि तो कमरेवरचा हात सासूबाईंचा होता. भांडणं होऊ नयेत म्हणून गल्लीची लाईन त्याच लावायच्या.

बाई दाराशी आल्या. "ती काय सांगते आहे?"

"रांगेत उभं राहा म्हणते."

"हे आम्हाला वर्षभर जमलं नाही," बाई हसल्या.

मलाही हसायला हवं होतं. हसलेही असेन. पण मी काचेतून आतच बघत राहिले. इथल्या लेकरांना तो एक नवा खेळ होता. माझ्या लेकीला काय होतं, मला कळत नव्हतं. पोरं पाणी घ्यायची, एक चक्कर मारायची, परातीच्या मागून येऊन तिच्यातच ओतायची आणि पुन्हा रांगेत लागायची. ती पाणी वाटत होती आणि मधूनमधून परातीत डोकावत होती.

सोमवारपासून मी घरी गेले तरी चालेल, असं बाई म्हणाल्या.

घरी येताना लेक माझ्या हाताला लोंबकळत होती. "आई, तिथलं टँकर सरतच न्हाई."

"हो का गं?"

"लई वाटलं. सरंनाच."

घरी पोचल्या पोचल्या मिस्टरांनी लातूरला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. मी सगळं सांगितलं. स्टूल, मग, लाईन.

"कमरंवर हात ठिवला हुता का?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही नाही, एकच. एका हातात मग होता."

त्या हसायला लागल्या. हसता हसता खोकल्या. "माझीच हाय ती. त्या गोऱ्या पोरांला बी लाईनीत लावलं का? भली गं माझी बाय!" मग आवाज बंद झाला. मला वाटलं, फोन कट झाला.

"आई?"

"हाय, हाय. मंग आता हिकडं येत न्हाई म्हन ती."

मिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी धाकट्याचे मोजे काढत होते, ते काढतच राहिले.

"येईल की. सुट्टीत," ते म्हणाले.

"सुट्टीत तर येईलच. अंगणवाडीच्या बाईला सांगते मी. उगं वाट बघत बसंल ती." तेवढ्यात तिकडून बायकांचा कालवा ऐकू आला, भांड्यांचा आवाज, कुणीतरी त्यांना हाक मारत होतं. "ठिव आता, ठिव. नळ आलेत!"

फोन बंद झाला. पण लेकीने ते ऐकलं होतं. "नळ आलेत!" ओरडत ती आमच्या स्वयंपाकघरात धावली, आणि मिस्टर उठून तिच्या मागे गेले. भांड्यांचा आवाज सुरू झाला. मी धाकट्याला कडेवर घेतलं, कपाटातला मोठा डबा काढला आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.

"लाईनीत ये," लेक म्हणाली.