डागी मालाचा लॉट

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कुणी एखादी केस सांगा म्हटलं की मला आधी एक खेळाचा खोका दिसतो. कोपरा जळका, अंगावर पाण्याचे डाग. त्या खोक्यापायी मी एका सरळ माणसाला त्याच्या दारातून जीपमध्ये घातलं होतं.

भिवंडीत आमच्या हद्दीत घरांपेक्षा गोदामं जास्त. सकाळची हजेरी संपते न संपते तोच कुठल्या तरी गोदामाचा मॅनेजर हजर. साबण गेले, बूट गेले, मोबाइल गेले. त्या दिवशी आलेला मॅनेजर म्हणाला, खेळाचे खोके गेले. मी विचारलं, कॅरम का? त्याला माझा विनोद आवडला नाही.

खेळ वेगळाच होता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगत जायचं, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं होऊन फासे टाकायचे. पुण्याच्या एका मुलीने तीन वर्षं खपून तो मराठीत तयार केला होता. खाडीत बुडालेल्या गलबताची गोष्ट. शेवटी काय होतं ते खोक्यातल्या एका बंद पाकिटात. ज्यांनी आगाऊ मागणी नोंदवली होती त्या सगळ्यांनी ते एकाच दिवशी फोडायचं, असं ठरलेलं. त्या दिवसाला दहा दिवस असताना पाकिटातल्या कागदाचे फोटो लोकांच्या फोनवर फिरू लागले. मुलीने फोन करून मॅनेजरला जाब विचारला, मॅनेजरने माल मोजला, तर खास आवृत्तीचा अख्खा ढीग गायब.

गुन्हा दाखल केला. दुसऱ्याच दिवशी माझ्या खबऱ्याचा फोन आला. तो शेअर रिक्षा चालवायचा. म्हणाला, ‘साब, दोन दिवस झाले, कॉलेजची पोरं कल्याणवरून येतात, धामणकर नाक्याला उतरतात. कपडे बघत नाहीत, बिर्याणी खात नाहीत. कोई खेल का डिब्बा माँगते है.’ खबरी हुशार असावा तर असा. पोरं काय घेतात यापेक्षा काय घेत नाहीत, हे त्याने आधी पाहिलं.

नाक्यावर एका हातगाडीवर खेळण्यांच्या गर्दीत ते खोके सापडले. पंचनामा केला. गाडीवाल्याने भंगारवाल्याचं नाव सांगितलं. भंगारवाला बिनधास्त म्हणाला, गोदामातून डॅमेज माल येतो तसा आला, नेहमीप्रमाणे. आमच्याकडे ही जुनी रीत. गावाने जमीन दिली, त्यावर गोदाम उभं राहिलं, तेव्हाच तोंडी ठरतं की गोदामाचं भंगार गावाचं. फुटका, भिजका माल बाजूला निघाला की गावचा भंगारवाला टेम्पो घेऊन येतो. कागद कोणी मागत नाही.

गोदामाच्या रजिस्टरमध्ये माल बाजूला काढल्याची सही होती तिथल्या चेकरची, म्हणजे माल तपासणाऱ्याची. कोन गावाच्या पुढच्या एका गावातला साठीकडे झुकलेला आगरी माणूस. सगळे त्याला काका म्हणत. आधी बरीच वर्षं नारपोलीच्या एका लूम कारखान्यात कापडाचे ताके तपासायचा. आयुष्यात कुणाची सुतळीही घेतली नाही, असं गाव सांगत होतं. मी ऐकलं नाही. चोर पकडायला गेलं की प्रत्येक गाव असंच सांगतं. भर सकाळी, बायको दारात उभी असताना, मी त्याला जीपमध्ये मागे बसवून आणलं.

चौकशीत तो एकदाही अडखळला नाही, आणि त्याचाच मला राग आला.

‘माल मीच भायेर काढला साहेब. डागी व्हता.’

‘छापखान्याचा कागद सांगतो, एकही नग खराब नाही.’

‘कागद काय पन सांगंल. मना डोलं हायेत.’

मी आवाज चढवला. भंगारवाल्याशी काय ठरलं होतं ते विचारलं, अटकेची भीती घातली. तो शांतपणे म्हणाला, ‘अटक करा. पन चोर म्हनू नका. माजी बायको आता दुकानान कशी जाईल?’ मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि अटकेचे कागद तयार करायला सांगितले. मॅनेजर म्हणत होता, डॅमेज लिहून माल पळवणं ही जुनीच चाल आहे. मलाही तसंच वाटत होतं. खोके मळलेले दिसत होते खरे, पण भंगारातून हातगाडीवर गेलेला माल मळणारच.

दुपारी मुद्देमालाला लेबलं लावायचं काम आमच्या हवालदार बाईंकडे होतं. टापटिपीची त्यांना भारी हौस. कोर्टात असला घाणेरडा माल न्यायचा म्हणजे ठाण्याची शोभा, असं पुटपुटत त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि एक खोका पुसायला बसल्या. थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी आल्या.

‘साहेब, डाग निघत नाही.’

‘मग राहू द्या ना बाई.’

‘तसं नाही साहेब. दुसऱ्यावर पण तिथंच आहे. तिसऱ्यावर पण.’

मी उठून गेलो. पाच खोके शेजारी शेजारी मांडले. पाचांवर डाग एकाच जागी, एकाच आकाराचा. जळका कोपरा तसाच. बोट फिरवलं तर कोपरा शाबूत. सगळं छापलेलं! मी पुण्याच्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, हो, खास आवृत्तीचा खोका वर्षानुवर्षं खाडीत पडल्यासारखा दिसायला हवा होता. त्यासाठी कागदही मुद्दाम खरबरीत घेतला होता. हे आम्ही तिला आधी विचारलंच नव्हतं. मॅनेजरने तर माल फक्त कॉम्प्युटरवर पाहिलेला.

काकांना आत बोलावलं. विचारलं, सगळ्यांवर डाग एकाच जागी आहे हे तुम्हाला दिसलं नाही?

‘दिसलं ना. म्हनून तं आख्खा लॉट काढला.’

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. लूमचं तेल गळत असलं की प्रत्येक ताक्यावर त्याच जागी डाग येतो. एखादा डाग कुठेही असला तर तो हाताळणीचा, तेवढा ताका बाजूला. पण डाग त्याच जागी पुन्हा दिसला की दोष मशीनचा, मग पुढचे बघायचेही नाहीत. त्यांनी दोन मोठ्या पेट्या उघडल्या, दोन्हींतल्या खोक्यांवर डाग तिथेच. खडूने फुली मारली, रजिस्टरमध्ये ‘डागी’ लिहिलं आणि माल भंगाराच्या कोपऱ्यात लावला. तीस वर्षांच्या नजरेने अगदी बरोबर काम केलं होतं. मॅनेजरने रोजच्या रोज रजिस्टर उघडून पाहिलं असतं, तर ढीग त्याच दिवशी परत आला असता.

मुलगी संध्याकाळी पोचली. मला वाटलं होतं, काकांवर ओरडेल. तिने सगळं ऐकलं, रडली, आणि रडता रडता हसायला लागली. म्हणाली, ‘काका, तुमच्यासारख्या माणसाला तो डाग खरा वाटला?’

काका जरा दुखावले. ‘तुमी येवरं चांगलं काम करून त्यावर डाग कनाला पारलं पोरी?’

तिने परत मिळालेल्या खोक्यांवर त्यांच्याच हातून खडूच्या फुल्या मारून घेतल्या. फुटलेलं गुपित काही परत पाकिटात गेलं नाही. तिने ही हकीकत लोकांना जशीच्या तशी सांगितली आणि खेळ पाच दिवस आधीच बाहेर काढला. फुलीवाले खोके सगळ्यात आधी संपले म्हणे. आम्ही ‘क’ समरी पाठवली, म्हणजे गैरसमजातून दाखल झालेला गुन्हा. माझ्या दृष्टीने केस मिटली होती.

त्या संध्याकाळी काका मात्र बाकावरून उठेनात. मी म्हटलं, काका, झालं, तुम्ही मोकळे. ते म्हणाले, ‘मोकला झालो ह्ये तुमाला ठावं. गावाला कोन सांगंल?’

मला लाज वाटली. माणसाला घरातून उचलून आणायला मला दहा मिनिटं लागली होती. त्याला परत घरी पोचवायचंही असतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही शिकलो नव्हतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, सुटलेल्या माणसाला मी कधी एकट्याला फाटकाबाहेर सोडलं नाही.

अंधारात गावाला काही दिसलं नसतं, म्हणून काका रात्री ठाण्यातच थांबले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूर्ण गणवेशात काकांना जीपमध्ये पुढे बसवलं आणि स्वतः मागे बसलो. गावाच्या देवळापाशी माणसं उभी होती, दुकानाच्या पायरीवर बायका होत्या. काकांनी टोपी नीट केली आणि चालकाला हळूच म्हणाले, ‘दादा, जरा हलू घ्या.’

मी मागून म्हटलं, ‘आणि घर आलं तरी थांबू नका. आधी गावाला एक फेरी मारा.’