दादाने धरलेला घोटा

माझा दादा एका माणसासाठी इतका भांडायचा, की नवख्याला वाटावं हा यांच्या नात्यातला असणार. नात्यातला कसला! बोलणं सोडा, मैदानाबाहेर दादाने त्याला कधी जवळून पाहिलंही नव्हतं. एका बँकेच्या संघातून कबड्डी खेळणारा तो चढाईपटू. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या घरात ते दिवसातून शंभरदा घेतलं जातं, तेवढं पुरे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही भांडुपला चाळीत राहायचो. बाबांची गिरणी संपानंतर कायमची सुटली होती आणि दादाच्या पगारावर घर चालत होतं. दादाला मरोळच्या एका कारखान्यात नोकरी लागली ती कबड्डीमुळे. तेव्हा बँका, कारखाने चांगल्या खेळाडूंना कामावर घ्यायचे. कागदावर कारकून नाहीतर फिटर, आणि हिवाळा आला की हेच कारकून-फिटर उपनगरातल्या मैदानांवर लाल मातीत एकमेकांच्या तंगड्या ओढायचे. ह्याला म्हणायचं व्यावसायिक गट.

रविवारी सकाळी आमच्या गॅलरीत ह्या गटाचा न्यायनिवाडा चालायचा. आत्ता खेळणाऱ्यांपैकी कोण अजरामर होणार? चाळीस वर्षांनी कोणाचं नाव निघेल? बाबा खुर्चीत, दादा कठड्याला टेकून, आणि शेजारचे काका आपला चहाचा कप घेऊन उंबऱ्यावर. काका मूळचे साताऱ्याकडचे, महापालिकेत नोकरीला. आवाज असा, की त्यांनी हळू बोललेलं खालच्या मजल्यावर ऐकू जायचं.

बाबांना आत्ताचा एकही गडी पसंत नव्हता. "सगळे पापड," म्हणायचे. "आमच्या गिरणीच्या टीममधलो एक एक गडी बघूक होयो होतो. ह्येंका चाळीस वर्सांनी कोण वळखतलो?" काकांचा माणूस ठरलेला, त्यांच्याकडचाच एक उंच, लांब हातांचा चढाईपटू. काकांचं म्हणणं, हात लांब तो अजरामर. मी एकदा म्हणाले, "मग काका, माकडाला घ्या ना संघात." तर काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि मग उसनी साखर मागायला आपणच आले.

आणि दादा त्या बँकवाल्याचा. "लिहून ठेवा," म्हणायचा. "असा गडी पन्नास वर्षांत होत नाही. काय ते पाय! काय तो दम!" कप खाली ठेवून उठायचा, गॅलरीत त्याच्या चढाईची नक्कल करून दाखवायचा. समोरच्या मावशींची वाळत घातलेली साडी दोनदा तरी खाली पडली असेल.

आता इतकं प्रेम कशासाठी? सगळ्या चाळीला माहीत होतं. दादाने त्याला एकदा धरला होता.

दादा डावा कोपरा सांभाळायचा. समोरचा गडी ‘कबड्डी कबड्डी’ करत एकटा आपल्या अंगणात घुसतो, त्याला चढाई म्हणतात. कोपऱ्यातल्याने वाकून, दबा धरून त्याचा घोटा धरायचा. धरला तर पकड, सुटला तर आपण बाद. टाळ्या चढाई करणाऱ्याला मिळतात, कोपऱ्यातल्याच्या तोंडात माती जाते. आमच्या भांडुपच्याच मैदानावर एका सामन्यात तो बँकवाला सलग चढायांवर गडी टिपत होता, आणि दादाने झेप घालून त्याचा डावा घोटा जो धरला तो सोडलाच नाही. सामना दादाचा संघ हरला, वाईट हरला. पण ती पकड झाली. दादाच्या आयुष्यात सांगण्यासारखं एवढंच घडलं होतं, आणि तो ते पुरवून पुरवून वापरत होता.

म्हणजे हिशेब साधा होता. तो माणूस अजरामर झाला, तर दादाची पकड अजरामर. तो विस्मरणात गेला, तर दादाने कोणाचा तरी पाय धरला, एवढंच. म्हणून तर इतकी भांडणं!

आणि काका नेमकं तिथेच बोट ठेवायचे. तो सामना त्यांनीही पाहिला होता. "पकड कसली रे? मैदानावर पाणी जास्त मारलेलं. घसरला तो. तू नुसता त्याच्या अंगावर जाऊन पडलास."

"घसरला? काका, तुमचा चष्म्याचा नंबर वाढलाय."

"माझा नंबर बरोबर आहे. तुझीच पकड सुटलीये."

मग बाबा मध्ये पडायचे. "अरे, गप ऱ्हवा रे! बोंबील थंड झाले."

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण वहिनीला मुलगा झाला, आणि दादाने जाहीर केलं की मुलाचं नाव त्या बँकवाल्याचं ठेवायचं.

वहिनी मालवणकडची, बोलायला एक नंबर. बाळंतिणीच्या खोलीतूनच तिने आवाज दिला, "वेड लागलंय का तुम्हाला? त्या माणसाला मी दिवसभर हाका मारू? ‘ये जेव, ये आंघोळ कर, नाक पूस’ म्हणून? आधी तुमच्या तोंडून ऐकायचं, आता स्वतःच्या तोंडाने घ्यायचं?"

"अगं, मोठा खेळाडू आहे. पुढे लोक..."

"पुढे लोकांना कळलंच नाही तर? पोराने काय सांगायचं? माझ्या बापाने एकाला पाडलं, त्याचं नाव मला चिकटवलं?"

दादा माझ्याकडे वळला. बारशाला बाळाच्या कानात नाव आत्या सांगते, आणि आत्या एकच, मी. "तू तरी सांग हिला." मी म्हणाले, "मला नवी साडी देणार त्याचं ऐकणार." दोघांनीही कबूल केली. मी आपली खूश.

शेवटी काकांनी तोडगा काढला. काकांचा मेव्हणा त्याच बँकेत होता. "मी त्या बँकवाल्यालाच बारशाला घेऊन येतो," काका म्हणाले. "बघूया ह्याला ओळखतो का."

वहिनीने टाळीच वाजवली. "झकास! त्याने आपणहून ओळखलं, तर ठेवा त्याचं नाव. नाही ओळखलं, तर मी ठेवीन ते. पण कोणी काही सुचवायचं नाही हां."

दादा म्हणाला, "चालेल ना. न ओळखायला काय झालं?" पण त्याचं तोंड उतरलं होतं. त्याच्याही लक्षात आलं असावं की त्या माणसाला हंगामात कितीजण पाडत असतील, आणि एकेकाचा चेहरा लक्षात ठेवायला तो काय फोटो स्टुडिओवाला होता? त्या आठवड्यात दादा नीट जेवला नाही. कबड्डीचा विषय निघाला की आपला बाळाचा लंगोट बदलायला उठायचा. मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही त्याच्या त्या एका पकडीची टर उडवली, पण ती खरोखर कोणी हिसकावून घेईल असं कधी वाटलं नव्हतं.

बाराव्या दिवशी दुपारी पाळणा सजला. बायका जमल्या, घुगऱ्या उकडल्या. आणि काका खरंच त्याला घेऊन आले. मैदानावर ताडमाड वाटणारा तो माणूस आमच्या दारात सफारी घालून उभा, हातात बाळासाठी खुळखुळा. माझ्याहून जेमतेम चार बोटं उंच! मी वहिनीच्या कानात म्हणाले, "ह्याला धरायला झेप कशाला लागली गं?" वहिनी पदरात तोंड घालून हसली.

दादा पुढे झाला. त्या माणसाने हात जोडले. "अभिनंदन हं. आपण बाळाचे..."

"वडील," दादा म्हणाला.

"अरे वा. छान." आणि तो खुर्चीत बसला.

झालं. संपलं. ओळख नाही, पाळख नाही. काका मिशीत हसत होते. बाबा छताकडे बघत होते. दादा भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचे हात, एवढे मोठे हात, कुठे ठेवावे हे त्याला कळत नव्हतं.

मी वहिनीकडे बघितलं. वाटलं, ही आता डोळा मारणार. पण तिची नजर दादावर होती, आणि हसू कधीच गेलं होतं. बाळाला कुशीत घट्ट धरून ती एकदम म्हणाली, "हे पण खेळतात हां. डावा कोपरा. भांडुपच्या मैदानावर खूप खेळलेत."

"सूनबाई!" काका ओरडले. "सुचवायचं नव्हतं!"

"मी कुठे सुचवतेय? घरच्यांची ओळख करून देतेय," वहिनी म्हणाली, आणि तिने काकांकडे असं बघितलं की काका मिशी चाचपायला लागले.

"असं का? वा, वा," तो पाहुणा म्हणाला. अगदी सभ्यपणे. त्या सभ्य ‘वा, वा’ने तर आणखीनच वाट लागली. वहिनीचे डोळे भरून आले. मला तर त्याला घुगऱ्यांची वाटीच देऊ नये असं वाटलं. बस म्हणावं उपाशी.

वाटी द्यायची होतीच अजून. मी घुगऱ्या घेऊन गेले, आणि रागारागात वाटी अशी पुढे केली की अर्ध्या घुगऱ्या जमिनीवर. खुर्चीच्या पायाशी हरभरेच हरभरे. "अगं, काय हे!" म्हणत दादा पुढे आला, आणि पाहुण्याच्या समोर खाली बसून हरभरे गोळा करायला लागला. पाहुणा बाबांशी बोलत होता, बँकेत बढती कशी मिळत नाही ते सांगत होता. दादाने खुर्चीच्या डाव्या बाजूचा हरभरा उचलायला हात लांब केला.

आणि त्या माणसाचा डावा पाय फटकन वर उडाला! गुडघा छातीशी, पाय खुर्चीत. बोलता बोलता. वाक्यसुद्धा मध्येच तुटलं.

त्याने स्वतःच्या पायाकडे बघितलं. मग खाली वाकून बसलेल्या दादाकडे. दादाचा हात अजून तसाच पुढे होता.

"थांब थांब," तो म्हणाला. "उठू नकोस. असाच बस." मान तिरकी करून बघत राहिला. "तू! भांडुप! इथलंच मैदान ना? अरे, तू तो जळू!"

दादाने मान हलवली.

काका हरलेले नव्हते. "पण तेव्हा पाणी जास्त मारलेलं ना? घसरला होतात ना तुम्ही?"

"घसरलो?" पाहुणा उसळलाच. "अहो, महिनाभर घोटा सुजलेला! बँकेत चप्पल घालून जायचो, साहेब ओरडायचा. सोडेचना हा! शिट्टी झाली तरी सोडेना. पंचांनी येऊन बोटं सोडवली ह्याची." मग दादाला म्हणाला, "चेहरा नाही रे ओळखला. चेहरा बघायला तू वर कुठे केला होतास? पण हात ओळखला."

दादा तिथेच, हरभऱ्यांमध्ये बसून, रडायला लागला. अठ्ठावीस वर्षांचा बाप्या, बारशाच्या बायकांसमोर! बाबा म्हणाले, "रडतस कित्याक मेल्या? पकडलंस ना?" आणि त्यांनीच चष्मा काढून पुसला.

वहिनीने बाळ पाळण्यात घातलं आणि मला खुणेने बोलावलं. मी हळूच विचारलं, "कोणतं सांगू?" ती म्हणाली, "विचारतेस काय? तेच." मी वाकून बाळाच्या कानात ते नाव सांगितलं. ‘कुर्रर्र’ झालं, आणि रीतीप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यांत जोरात वहिनीचा होता, आणि साडी दोघांपैकी कोणीही दिली नाही. आजपर्यंत.

बाकी अजरामर कोण झालं म्हणाल, तर कोणी नाही. काकांचा लांब हातवाला नाही, बाबांचे गिरणीवाले नाहीत, आणि तो बँकवालाही नाही. दोन हंगामांनी त्याचं खेळणं सुटलं. आता टीव्हीवर कबड्डी लागते, पोरं बूट घालून मॅटवर खेळतात, त्यांना ह्यातलं एक नाव सांगा, कोण म्हणून विचारतील. भाच्याला ऑफिसात कोणी नावाबद्दल विचारलं, तर तो म्हणतो, "एक फार मोठा खेळाडू होता. माझ्या वडिलांनी त्याला धरला होता." ऐकणारे खेळाडूबद्दल पुढे काही विचारत नाहीत. दादाबद्दल विचारतात.

गेल्या वर्षी दादाच्या दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारला. आता त्याला वाकता येत नाही. रोज सकाळी फिरायला निघताना भाचा त्याच्यापुढे खाली बसतो, डावा पाय मांडीवर घेतो आणि घोटा धरून बूट चढवतो. परवा मी गेले होते तेव्हा दादा वहिनीला म्हणाला, "बघितलंस? शेवटी ह्या नावाने दावा साधला. चाळीस वर्षांनी घोटा धरला माझा."

वहिनी आतून म्हणाली, "मग सुटून दाखवा ना."

दादाने पाय हलवलासुद्धा नाही.