ससाणा स्वभावाने कडक होता

एकच कविता वर्षानुवर्षं शिकवली की कविता राहते बाजूला आणि तिच्याभोवतीच्या भानगडीच जास्त जमतात. आमच्या घरात ह्या सगळ्या ऐकून ऐकून लोक कंटाळलेत. तुम्ही आयते सापडलात, तर बसा जरा!

मी सोलापुरात एका कॉलेजात मराठी शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आम्हाला ससाण्यावरची एक कविता आहे. माळावर ससाणा घिरट्या घालतो, खालचं सगळं चिडीचूप होतं, मग तो ससा उचलतो आणि निघून जातो. बस्स! कवी त्याला चांगलंही म्हणत नाही आणि वाईटही म्हणत नाही.

*

पहिल्याच तासाला मी विचारलं, "ह्यात चूक कुणाची?"

श्रीनिवास उठला. त्याच्या घरी माग आहेत. "मॅडम, त्याला बी पोट हाय की! ससा नको तर काय चादरी विणायच्या त्यानं?"

वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरची सारिका तेवढी हसली नाही. म्हणाली, "पोटासाठी मारलं ते ठीक हाय. पण आधी येवढ्या घिरट्या कशापायी? ह्याला ससा बी पायजे आन् समद्यांची भीती बी पायजे."

सारिका मोहोळकडच्या एका खेड्यातून एस.टी.नं यायची. वडील मेंढरांमागं रानोमाळ, त्यामुळं घरचा कारभार थोरल्या चुलत्यांकडं, आप्पांकडं. त्यांचा शब्द शेवटचा, आणि शब्द पुरला नाही तर हात! पोरीनं परीक्षा द्यायची नाही, आता लग्न, हे त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. तिला बी.ए. पुरं करायचं होतं, एवढंच. रोज ती वर्गात दिसेपर्यंत माझ्या जिवाला घोर असायचा.

*

आमचे प्राचार्य माणूस भला. पण पहिल्या मजल्याच्या कठड्याला टेकून खाली बघत उभं राहायची त्यांना भारी हौस. ते दिसले की पार्किंगमधली पोरं पांगलीच! एकदा मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, तुमच्या त्या कवितेमुळं पोरं मला ससाणा म्हणतात!"

"छे हो सर! ससाणा पोट भरलं की उडून जातो. तुम्ही कॉलेज सुटेपर्यंत तिथंच असता!"

सर आधी लालबुंद झाले, मग इतके हसले की त्यांना ठसका लागला आणि शिपाई पाणी घेऊन धावत आला.

*

चाचणीत प्रश्न टाकला, ससाण्याचं स्वभावचित्र रेखाटा. अर्ध्या वर्गाचं उत्तर एकच: "ससाणा हा स्वभावाने कडक पण मनाने प्रेमळ होता."

मी डोक्याला हात लावला. "अरे श्रीनिवास, प्रेमळ कुठं दिसला तुला?"

"कवितेत न्हाय मॅडम. पण मोठ्या माणसावर प्रश्न आला की असंच लिवायचं असतंय. मार्क पडत्यात!"

*

गॅदरिंगला पाहुणे म्हणून भागातले एक पुढारी आले होते. सगळे त्यांना दादा म्हणतात. सारिकानं ती कविता म्हणून दाखवली. काय म्हटली पोरीनं! माझ्या अंगावर काटा आला. दादा ताडकन उठले. मी म्हटलं, मेले आता!

दादा माइकवर म्हणाले, "वा! कवीनं माझ्याच कामाचा आढावा घेतलाय!"

पुढं दादांचा वाढदिवस आला आणि कॉलेजच्या चौकात फ्लेक्स लागला. गॉगल घातलेले दादा, शेजारी ससाणा आणि वर कवितेतली ओळ, "सावली पडली की माळरान मुकं!" खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग, त्यात सारिकाचे आप्पाही होते, हात जोडून, अगदी गरीब चेहऱ्यानं.

श्रीनिवास बराच वेळ फ्लेक्स बघत उभा होता. म्हणाला, "मॅडम, ससे खाली हायत बघा."

*

परीक्षा तोंडावर आली आणि एक दिवस आप्पा सारिकाला घेऊन थेट स्टाफरूममध्ये. तिचा एक गाल सुजलेला. माझं डोकंच फिरलं, पण बोलले असते तर मार तिलाच बसला असता.

"हिचा दाखला द्या," आप्पा म्हणाले. "कसली कविता शिकवता ओ तुमी? पोरगी उलट बोलाया लागली."

"तुम्हीच वाचा ना आप्पा," म्हणून मी पुस्तक पुढं केलं. वाटलं, फेकणार! पण बसले, आणि एकेका शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचायला लागले. सगळी स्टाफरूम ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाले, "बिचारा ससा! आमचं बी असंच हाय मॅडम. वरचे लोक कवा उचलत्याल, नेम न्हाय."

सारिका खाली मान घालूनच बोलली, "आप्पा, तुमच्या गाडीचा आवाज आला की आमी टीवी बंद करतो. आई हातातला घास ताटात ठिवती. बारकी पळून न्हाणीत जाती."

 आप्पांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, टोपी सारखी केली आणि दाखल्याचं नावही न काढता गेले.

पहिल्या पेपरला मी गेटवरच उभी होते. सारिका आली! हातात हॉल तिकीट. मी तिचा हात घट्ट धरला.

"सोडलं त्यांनी?" मी विचारलं.

"कुणाला ठावं! त्या दिसापास्नं बोललेच न्हाईत," ती म्हणाली. "काल मातर गंमतच झाली मॅडम. आप्पांनी वेशीतच गाडी बंद केली आन् ढकलत ढकलत घरी आणली. आमाला कळलंच न्हाय. टीवी चालूच, आईचं जेवण चालूच."

"मग?"

"मग काय! दारात उभं राहून अर्धी सीरियल बघितली त्यांनी."