विझवणारी अक्का

"पेटायला काय लागतं? विझायला अक्कल लागते," असं म्हणत अक्का आधी आमच्या खोलीतला दिवा बंद करायची आणि मग आत कोण बसलंय ते बघायची. तुमच्याही ऑफिसात अशी एक बाई असेलच. आमची बंगळुरात, येलहंक्याच्या प्रयोगशाळेत होती.

अक्का तिथल्याच एका जुन्या मराठी घरातली. मी पुण्याची, म्हणून माझं मराठी तिला फार ताठ वाटायचं. स्वतः मात्र मधेच कानडी घालून "स्वल्प सरक गं" म्हणून मोकळी. जन्मभर तिनं एकाच गोष्टीचा पिच्छा पुरवला. डोळ्यात उजेड शिरला की पडद्यातली काही प्रथिनं मेंदूला कळवायची धावपळ सुरू करतात आणि दुसरी काही ती वेळेवर थांबवतात. ही थांबवणारी नसती तर एकदा उजेड पडल्यावर बराच वेळ पुढचं धड दिसलंच नसतं.

"आपल्या साहेबांसारखं," अक्का समजावायची. "सुरू झाले की थांबवणारं कुणी नाही."

खाटकाकडून बकऱ्याचे डोळे ती काळ्या कापडात गुंडाळलेल्या डब्यातून आणायची. एका ऑटोवाल्यानं डब्यात काय आहे विचारलं. तिनं खरं सांगितलं. त्यानं तिला पुढच्या सिग्नललाच उतरवलं.

त्या डोळ्यांना उजेड लागला की सगळं वाया. म्हणून काम अंधाऱ्या खोलीत, मिणमिणत्या लाल दिव्यात. निवृत्तीच्या दिवशी तिचं एकच मोजमाप उरलं होतं. तिनं बदललेलं प्रथिन ती धावपळ लवकर थांबवतं का, एवढंच बघायचं होतं. दुसऱ्या दिवशी खोली तोडायला माणसं येणार होती. अक्का सकाळपासून आत कामाला लागली होती.

दुपारी साहेबांनी दार उघडलं. हातात केक, त्यावर पेटलेल्या मेणबत्त्या, मागे अख्खं ऑफिस गात. डोळ्यांच्या अभ्यासावर पोट भरणारी माणसं ही! दारावरचा, आत येऊ नका सांगणारा लाल दिवा त्यांना बहुतेक सजावट वाटला.

अक्कानं डब्याचं झाकण लावलं; आता त्याचा काही उपयोग नव्हता. मला साहेबांची गचांडी धरावीशी वाटली.

"पेटवून आणलंत ना साहेब?" ती हळूच म्हणाली. "आता विझवा तुम्हीच."

साहेबांनी फुंकर मारली. एक मेणबत्ती राहिलीच. ती अक्कानं चिमटीत विझवली आणि केकचा पहिला तुकडा साहेबांनाच दिला. मग ती मुलीकडे म्हैसूरला गेली. मोजमाप राहिलं ते राहिलंच.

आता तिथे मीटिंगची खोली आहे. आत कुणी हललं नाही की दिवा आपोआप जातो. साहेब बोलायला लागले की आमचे पुतळे होतात, त्यामुळे तो रोजच जातो. सगळे घाईघाईनं हात हलवतात. मला अक्काची फार आठवण येते, आणि मी माझे हात मांडीवरच ठेवते.