पैलवानाच्या पोटऱ्या

माझ्या धाकट्या भावाच्या पोटऱ्या बघून लोक थांबायचे. तो आठ वर्षांचा होता. बाकी अंगानं किरकोळ, पण गुडघ्याखाली कसलेल्या गड्यासारखा भरलेला. आबा, आमचे वडील, त्याला बाजारात मुद्दाम हाफ चड्डीवर न्यायचे.

"पोराला चारता काय?" वाणी विचारायचा.

"काय न्हाय. रक्तातच हाय की," आबा म्हणायचे.

आबा मूळचे करकंबचे. तरुणपणी कुस्त्या खेळले, मग रेल्वेत लागून सोलापूरला आले. स्वतःचं राहिलेलं सगळं त्यांनी या दोन पोटऱ्यांवर सोपवलं होतं. त्या उन्हाळ्यात त्यांनी भावाला जवळच्या तालमीत घातलं. सकाळी कॉलेजला निघायच्या आधी त्याचं दूध घेऊन मी जायचे. तालमीत बायकांनी पाय ठेवायचा नाही, म्हणून पेला धरून समोरच्या भिंतीशी उभी राहायचे. दार बुटकं होतं. वाकून पाहिलं की तांबडी माती आणि मुलांचे गुडघे दिसत.

वस्ताद म्हातारे, पण आवाज खणखणीत. कुणी अंग दुखतंय म्हटलं की ते खूश व्हायचे. "दुखतंय न्हवं? मग भरतंय. न दुखता कुनाचं अंग आलंय?"

माझ्या भावाचं कायमच दुखायचं. त्यामुळे तो त्यांचा लाडका होता.

मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे घरात मी तशीही कमी बोलायचे. बोलायला गेलं की शब्द अपुरे पडत. एकदा वर्गात सरांनी स्नायू शिकवला. स्नायूचा धागा स्वतः दुभंगून वाढत नाही, ते म्हणाले. धाग्याच्या कडेला, त्याच्याच आवरणाखाली, काही बारीक पेशी झोपलेल्या असतात. धागा फाटला की त्या जाग्या होतात, एकीच्या अनेक होतात. त्यातल्या काही धाग्यात मिसळून तो सांधतात, जाड करतात. काही मात्र पुन्हा जागेवर जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. आपल्या सूक्ष्मदर्शकात त्या ओळखू यायच्या नाहीत, परदेशातल्या मोठ्या यंत्राखाली अलीकडेच दिसल्या आहेत.

वहीत उतरवताना मला वस्ताद आठवले. त्यांना पेशी माहीत नव्हत्या, पण ते तेच सांगत होते. घरी गेल्यावर आबांना सांगावं असंही मनात आलं.

मग सर पुढे बोलले. काही मुलांमध्ये, बहुतेक मुलग्यांमध्येच, हा धागा साध्या चालण्यानंही फाटत राहतो. का, ते अजून कुणाला कळलेलं नाही. त्या पेशी सांधत राहतात, पुन्हा सांधतात, आणि शेवटी बहुधा त्यांचाच साठा संपतो. मग स्नायूच्या जागी चरबी भरते. अशा मुलाच्या पोटऱ्या फार छान दिसतात, ते म्हणाले, आणि फसवतात. तो जमिनीवरून उठतो कसा, ते दाखवायला सर स्वतः खाली बसले. हात टेकून त्यांनी ढुंगण वर केलं, मग हात नडगीवर, गुडघ्यावर, मांडीवर ठेवत आपल्याच अंगावर चढत उभे राहिले. सगळा वर्ग हसला.

मी ते रोज सकाळी बघत होते.

तास संपल्यावर मी थांबले. "सर, अशा मुलानं बैठका मारल्या तर?"

"त्याला कशाला कोण बैठका मारायला लावेल?" मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "घरी आहे का कुणी?"

"नाही, सर."

पुढचे तीन आठवडे मी दूध नेत राहिले. सांगायला मराठी शब्द नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. ते खरं नव्हतं. मी बोलेपर्यंत तो पैलवान होता, एवढंच.

एका सकाळी तो बैठकीत खाली गेला आणि वर येईना. हात गुडघ्यावर गेले. वस्तादांनी काठीच्या टोकानं ते हलकेच झटकले. "काय रं, म्हातारीवानी गुडघं धरतूस? मागल्या जल्मी आजीबाई हुतास का काय?" पोरं खिदळली. तो पुन्हा जोर करायला लागला, मग बाजूला कलंडला. मातीत पडल्या पडल्या त्यानं दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. तोही हसत होता, कारण सगळे हसत होते.

मी पेला पायरीवर ठेवला आणि आत गेले.

हसणं बंद झालं. "पोरी, हितं बायांनी याचं नसतंय," वस्ताद म्हणाले. रागानं नाही, घाबरून. मी भावाला काखेला धरून उचललं आणि बाहेर आणलं.

आम्ही पोचायच्या आधीच बातमी घरी पोचली होती. "तालमीत पाय टाकलास? लोकांना काय तोंड दावू मी?" आबा ओरडले.

भावाला ओट्यावर बसवून मी आत आले आणि सांगितलं. तुटक सांगितलं. त्याचं अंग भरत नाहीये, आबा. फाटतंय, आणि सांधणारं आतलं संपत चाललंय. बैठकांनी जास्तच फाटत असेल.

"म्हंजी मी रोज त्येला..." आबा मध्येच थांबले.

आई भाकरी टाकून बाहेर आली होती. हाताला पीठ तसंच. "माझा धाकटा भाऊ असाच उटायचा," ती म्हणाली. "मांडीवर हात दिऊन. मिसरूड फुटायच्या आदीच गेला."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी लई खूश हुता त्येच्या पोटऱ्या बगून."

मला कधीपासून माहीत होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी त्याला जमिनीवर बसवून उठायला लावलं आणि आबांना बाजूला घेतलं. औषध नव्हतं. पुढे कधीतरी मी सरांना विचारलं, एखादा महिना बैठका जास्त झाल्या तर किती फरक पडेल? तसं सांगता येणार नाही, ते म्हणाले. या वेळी घरी कोण आहे, असं त्यांनी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी तो जिना चढेनासा झाला. आबांनी त्याला फुल पँटी शिवल्या. वस्ताद एकदा येऊन बदाम ठेवून गेले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

दुपारी तो ओट्यावर पाय पसरून बसायचा. एकदा त्यानं पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली आणि मला बोलावलं.

"ताई, दाबून बघ. अजून पैलवानाच्याच आहेत ना?"

मी दाबून बघितल्या. घट्ट होत्या, रबरासारख्या.

"हो," मी म्हटलं.

"मग उठवत का नाही गं?"

मी त्याची पँट खाली ओढली आणि दूध आणायला आत गेले.