लाल फडकं

चारशे अंशांवर तापलेली सळई आणि कपाटातली गार सळई दिसायला सारखीच असते. लाल होत नाही, धूर निघत नाही. दिग्रसच्या आमच्या लहानशा लॅबमध्ये पहिल्याच दिवशी तिथल्या सगळ्यात जुन्या माणसानं, काकांनी, मला हे शिकवलं. गिरण्यांच्या बॉयलरचे तापमापक आमच्याकडे तपासायला येत. तापमापक म्हणजे हातभर लांबीच्या धातूच्या सळयाच. त्या भट्टीत घालायच्या आणि किती चुकतात ते लिहून द्यायचं, एवढंच काम.

नियम भिंतीवर लावलेले होते. हातमोजे घाला, भट्टी निवेपर्यंत पंखा बंद करू नका, वगैरे. पण आमच्याकडे चालायचा तो काकांचा नियम. भट्टीतून काढलेली सळई विटांवर ठेवायची आणि विटांपुढे लाल फडकं टाकायचं. फडकं आहे तोवर कुणी हात लावायचा नाही. उचलण्याआधी हात पालथा करून चार बोटं लांबून धग पाहायची. दुसऱ्यांचे आकडे तपासण्यात जन्म गेलेल्या या माणसाचा स्वतःचा भरवसा मात्र हातावर होता. हात पालथाच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"तळहातानं पोट भरते, बाई. त्याले जपा लागते."

ते तांड्यावरचे, वयानं माझ्या वडिलांएवढे, तरी मला बाईच म्हणत.

मग त्यांचं चार बोटांचं अंतर तीन बोटांवर आलं, तिनाचं दोनावर. हात सळईच्या अगदी जवळ जाऊ लागला. मी पाहत होते. एकदा चहाला जाताना त्यांच्या पायातली चप्पल निसटून मागे राहिली आणि ते तसेच एका पायानं अनवाणी चालत राहिले. उन्हाळ्यातला डांबरी रस्ता. मी चप्पल उचलून नेऊन दिली, तेव्हा ते पायाकडे बघतच राहिले. शुगरनं हातापायातली जाणीव गेली होती, आणि ते त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं.

"साहेबाले सांगू नको, बाई. मले भट्टीवरून उठवतीन. रिटायर व्हाले तीनच महिने राह्यले."

मी तशी तोंडाळ. साहेबांनाही सोडत नाही. पण ज्यानं काम शिकवलं त्याला टेबलावर रजिस्टर लिहायला बसवायचं माझ्या जिवावर आलं. मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं. स्वतःला समजावलं, आपण आहोत की लक्ष ठेवायला. तेव्हापासून सळया मीच काढायची, फडकं मीच टाकायची, मीच उचलायची. दोन महिने निभावलं.

त्या दुपारी मी सळई काढून विटांवर ठेवली आणि फोन वाजला. एका गिरणीचा माणूस प्रमाणपत्रासाठी घाई करत होता. त्याच्याशी भांडत मी टेबलाशी गेले. भांडायची मला हौसच. काका आत आले. विटांपुढे फडकं नव्हतं. त्यांनी तरीही सवयीनं हात पालथा करून सळईजवळ नेला असणार, आणि त्यांना धग लागलीच नसणार.

माझी पाठ त्यांच्याकडे होती. मागून त्यांचा शांत आवाज आला.

"बाई, काय जळून राह्यलं? पाह्य बरं."

मी वळले. सळई त्यांच्या मुठीत होती.

यवतमाळच्या दवाखान्यात त्यांची दोन बोटं काढली. उरलेल्यांची मूठ होत नाही. चमचा डाव्या हातात धरतात आणि वरण शर्टावर सांडतं. मी भेटायला जाते तेव्हा त्यांची सून मला बशीतून चहा देते आणि मी तो अर्धा तसाच ठेवून उठते.

दवाखान्यातच साहेबांनी चौकशी केली होती. मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. फडकं होतं का, असं त्यांनी विचारलं. काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"होतं ना साहेब. बाईनं टाकलं होतं. मीच पाह्यलं नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, बरोबर आहे ना?

मी मान डोलावली.